शंकरचा झूम आणि कारखान्याची चिमणी

फोटोग्राफरला दुसऱ्या फोटोग्राफरचा हेवा वाटतो, तो त्याच्या फोटोमुळं नाही. चांगला फोटो एखाद्या दिवशी कुणालाही येतो. ऊन बरं पडलेलं असतं, समोरचा माणूस बरा बसलेला असतो, आणि येतो. हेवा वाटतो तो त्याच्या गळ्यात लटकणाऱ्या वस्तूचा. मी उस्मानाबादेत स्टुडिओ चालवला, लग्नं काढली, बारशी काढली, निवडून आलेले आणि पडलेले उमेदवार एकाच खुर्चीवर बसवून काढले. या सगळ्या काळात मला कुणाच्या पैशाचा, बंगल्याचा किंवा सुंदर बायकोचा हेवा वाटला नाही. (हा लेख आमची मंदा वाचणार आहे, म्हणून शेवटचा मुद्दा खरा समजावा.) मला हेवा वाटला तो एका लेन्सचा. ती शंकरची होती, आणि ती पुढं-मागं सरकत होती.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. ज्यांना हे कळतं त्यांनी तोवर एखादी चकली मोडावी. कॅमेरा म्हणजे नुसती अंधारी पेटी. बघते ती लेन्स. आमच्या वेळी एका लेन्सला एकच नजर असे. माझ्याकडं तीन होत्या. पस्तीसची सगळं घर एका नजरेत घेणारी, सासूसारखी. पन्नासची तुमच्या-माझ्या डोळ्यासारखी. जे जसं आहे तसं. आणि एकशे पस्तीसची म्हणजे ओट्यावर बसून तिसऱ्या गल्लीत काय चाललंय ते सांगणारी शेजारीण. आकडा लहान तितकं जास्त मावतं, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं. पण जिचा जो आकडा तो तिच्या कपाळावर कायमचा. पस्तीसची कधी छत्तीस होत नाही. समोरचा माणूस लहान दिसला तर आपण पुढं जायचं, मावत नसला तर मागं. मागं सरकता सरकता मी एकदा भूमच्या लग्नात आमटीच्या पातेल्यावर बसलो होतो. झाकण होतं, म्हणून हा लेख लिहायला शिल्लक आहे.

शंकरची लेन्स झूम होती. पस्तीसपासून सत्तरपर्यंत. तिची नळी एकीकडं सरकवली की अख्खी वरात मावायची, दुसरीकडं सरकवली की नवरीची नथ. माणूस एका जागी उभा. पातेल्याचा प्रश्नच नाही.

शंकर उमरग्याचा. त्याच्या वडलांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळं त्याच्याकडं वस्तू कुठून येतात हे विचारण्यात अर्थ नव्हता. कुठल्या तरी ट्रकमधून येत असत. त्यानं आमच्या गावात, एसटी स्टँडपाशी, माझ्या स्टुडिओच्या बरोब्बर समोर दुकान टाकलं. पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून आला, हात जोडले आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या सावलीत बसलोय ओ. सांभाळून घ्या की." वयानं माझ्याएवढा माणूस, आणि मला अण्णा म्हणतो! ही त्याची पहिली कुरापत. दुसरी कुरापत अशी की तो मनापासून चांगला होता. वाईट माणसाचा हेवा करायला सोपं जातं. चांगल्या माणसाचा करायचा तर अंगात दम लागतो.

ते दुष्काळाचे दिवस होते. गावागावांत पाझर तलावाची, नाल्याच्या बांधाची कामं निघालेली. माणसं दिवसभर माती उपसत आणि अधूनमधून कुणीतरी मोठे साहेब पाहणीला येत. साहेब आले की आम्हाला बोलावणं. अशा पाहणीत फोटो एकच काढायचा असतो, आणि तो साधारण चार सेकंद टिकतो. साहेब बाया-माणसांशी बोलतात, घड्याळाकडं बघतात आणि जाता जाता एक घमेलं उचलतात. ते घमेलं खांद्यापर्यंत गेलं की लगेच कुणीतरी धावत येऊन काढून घेतं. तेवढ्यात काढला तर फोटो.

त्या दिवशी मी पस्तीसची लावून सगळं काम एका नजरेत घेतलं होतं. साहेब लांब बांधावर गेले, म्हणून एकशे पस्तीसची लावायला घेतली. एक लेन्स काढलेली, दुसरी हातात, मधे कॅमेरा उघडा, आणि वारा असा की डोळ्यात माती. नेमकं त्याच घटकेला साहेबांनी घमेलं उचललं. मी नुसता बघत राहिलो, तोंड उघडं, कॅमेरा उघडा. शेजारून सर्रकन आवाज आला आणि मग खट्. शंकरनं नळी सरकवून साहेब, घमेलं आणि घमेल्यामागं हसणारी म्हातारी असं सगळं घेतलं होतं. तो फोटो पेपरात आला. माझ्या निगेटिव्हवर आली ती बांधावरची माती.

घरी ही माती मंदाच्या वाट्याला यायची. लेन्स बदलताना आत गेलेला कण निगेटिव्हला चिकटून राहतो आणि फोटोवर पांढरा ठिपका होऊन बसतो. तो बारीक कुंचल्यानं काळी शाई लावून बुजवावा लागतो. हे काम मंदा करायची, आणि माझ्याहून फार चांगलं करायची. त्या दिवशी ठिपके बुजवता बुजवता म्हणाली, "समोरच्या शंकरभाऊंच्या फोटूत ठिपके नसत्यात म्हणं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणत्यात. त्यांची बायको आली की ठिपके बुजवून लाल झालेले माझे डोळे बघून 'अगंबाई' म्हणती."

"त्याची लेन्स बदलावीच लागत नाही, म्हणून धूळ जात नाही. त्यात त्याचं काय कौतुक?"

"लेन्सचं हाय की," मंदा म्हणाली. "त्यांचं कोण म्हणतंय?"

फोटो धुवायला पाणी लागतं, तेही भरपूर. टँकर आला की आमच्या दारातली घागर बघून गल्लीतल्या बाया टोमणे मारायच्या, की प्यायला न्हाय आन् ह्यांना फोटू धुवायला पायजे. त्या पाण्यात औषध उतरलेलं, ते झाडालाही घालता येत नव्हतं. ते गटारात सोडताना मी रस्त्याकडं पाठ करून उभा राहायचो. शंकर धुवायला पाणी कुठून आणायचा हे मी शोधायचा फार प्रयत्न केला. सापडलं ते असं, की तोही आमच्याच टँकरच्या रांगेत उभा राहायचा, फक्त हसत.

एके दिवशी मी त्याच्या काउंटरवर त्या लेन्सकडं बघत उभा होतो. किती वेळ ते मला कळलं नाही, पण त्याला कळलं. त्यानं ती कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "न्या की अण्णा. दोन दिवस वापरून बघा. मग सांगा कशी हाय."

याला काय म्हणावं! मी त्याच्या जागी असतो तर लेन्सकडं बघणाऱ्यावर पडदा ओढला असता.

घरी आलो ते गुप्त पोलिसाच्या थाटात. माझा हेतू शुद्ध होता: तिच्यातले दोष शोधून काढायचे. मार्केटातल्या गोदामाची विटांची भिंत निवडली. विटांच्या ओळी सरळ असतात, खोटं बोलत नाहीत. भिंतीच्या चार कोपऱ्यांत आणि मधे वर्तमानपत्राची पानं चिकटवली, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, ठेवला, आणि आधी माझ्या लेन्सनं, मग त्याच्या झूमनं, तीच भिंत तशीच काढली. गोदामाचा हमाल बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "भिंतीचं लगीन हाय का?" मग उन्हासमोर कॅमेरा धरून काढलं. मग स्वयंपाकघरात एका खिडकीच्या उजेडात मंदाला भाकरी करताना काढलं. रोल धुतला, मोठे प्रिंट केले आणि भिंग घेऊन बसलो.

आणि दोष सापडले! मी आयुष्यात इतका आनंदी क्वचितच झालो असेन. नळी पस्तीसवर ओढली की कडेच्या विटांच्या ओळी बाहेरच्या बाजूला फुगत होत्या, पोट सुटल्यासारख्या. माझ्या पस्तीसमध्ये त्याच ओळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या. उन्हाकडं धरली तर झूममध्ये उजेडाचे गोल ठिपके उतरत होते, कारण तिच्या पोटात भिंगंच फार. स्वयंपाकघरात तर माझ्या पन्नासनं मैदान मारलं. लेन्सचं तोंड जितकं मोठं उघडतं तितका उजेड आत येतो. पन्नासचं तोंड तिच्यापेक्षा किती तरी मोठं. माझ्या फोटोत मंदाच्या कपाळावरचा घाम दिसत होता, झूमच्या फोटोत मंदाच्या जागी नुसती हालचाल होती. शिवाय नळी सरकवताना ती भात्यासारखी हवा ओढायची. आज ना उद्या धूळ तिच्याच पोटात जाणार होती.

शेवटी राहिली मधली नजर, चांगल्या उजेडात, तोंड थोडं मिटून घेतलेलं. रोजचं ऐंशी टक्के काम असंच असतं. दोन्हींच्या फोटोतली पेपरातली बारीक अक्षरं वाचता येत होती. मी भिंग फिरवून फिरवून थकलो. शेवटी दोन्ही प्रिंट मंदासमोर ठेवले आणि कुठला कशाचा ते न सांगता विचारलं, "यातला कुठला चांगला?"

तिनं डोळे बारीक केले, दोन्ही खिडकीशी नेले. "दोनी सारखेच हायत. अगदी म्हणाल तर हा."

तो झूमचा होता.

त्या रात्री मी जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण सांगितलंच आहे की मंदा वाचणार आहे. जेवलो, पण मुकाट्यानं.

लेन्स परत करताना शंकरनं उत्सुकतेनं विचारलं, "कशी हाय ओ?"

मी सगळे दोष सांगितले. एकही लपवला नाही, कारण सांगण्यातच मजा होती. "कडेला ओळी वाकतात. सरळ काही असलं तर कडेला घेऊ नकोस."

तो हसला. "कडंला कोण बघतंय अण्णा? लोकं मधी बघत्यात की."

आता कारखान्याकडं येतो. आमच्या भागात तेव्हा एक नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी सांगणार आहे त्या चिमणीवरून तिथं अजून दोन गट आहेत. ढोकीला कारखाना होताच, जुना आणि नावाजलेला. ढोकी बघून आलेला माणूस आमच्या कारखान्याकडं बघून नुसतं "हं" म्हणायचा, आणि ते "हं" आमच्या अध्यक्षांना फार लागायचं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. पाऊस नाही, ऊस कमी, सभासदांच्या मनात धाकधूक. अशा वेळी वार्षिक सभेच्या अहवालावर आबांना असा फोटो हवा होता की बघणाऱ्याला वाटावं, आत साखरेच्या राशी लागल्यात.

त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. "दोघंबी काढा. ज्याचा बरा त्याचा छापू. आन् सभा पार पडली की वर्षभराचं कारखान्याचं काम त्यालाच. दोन जावई आल्यासारखं रोज दारात बसू नका."

हे काम म्हणजे काय, तर माझा स्टुडिओ. दुष्काळात लग्नं पुढं ढकलली जातात, हौसेनं फोटो काढायला कुणी येत नाही. कारखान्याचं काम मिळालं तर दुकान उघडं राहणार, नाही तर मंदाच्या भावाच्या किराणा दुकानात मी बसणार हे घरात ठरल्यात जमा होतं. मेहुण्यानं माझ्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं. ते स्टूल एका पायानं डुगडुगायचं.

मी चिमणी काढली. साखर कारखान्याचा चेहरा म्हणजे चिमणी. ऊस घेऊन येणारा गाडीवान लांबून तिच्याकडं बघत येतो. माझ्या पन्नासनं मी ती अशी उभी केली होती की बघणाऱ्यानं मान वर करावी. आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "चिमणी झकास आलीय. पण कोनशिला कुठाय?"

त्यांच्या नावाची संगमरवरी कोनशिला ऑफिसच्या इमारतीला होती. ती माझ्या फोटोत नव्हती. शंकरच्या फोटोत सगळं होतं: कोनशिला, ऑफिस, गोदाम, वजनकाटा, आबांची जीप, आणि पार कडेला, मावायला हवी म्हणून मावलेली चिमणी. शंकरचा फोटो छापला गेला.

मला अहवाल मिळाला तो स्टँडवरच्या हॉटेलात. मी बघितलं आणि चहा तसाच खाली ठेवला. चिमणी वाकली होती. गोदामाच्या विटांसारखीच, बाहेरच्या बाजूला, जेवण झाल्यावर माणूस जांभई देताना मागं वाकतो तशी. मी काय बोललो? एवढंच बोललो, "चिमणी वाकलीय." स्वतःशीच. आता माझा आवाज नाटकात काम केलेल्या माणसाचा आहे, त्याला मी काय करू? शेजारच्या बाकड्यावर तात्या बसलेले होते, आबांच्या विरुद्ध पॅनेलचे पुढारी.

"काय म्हणालात फोटोवाले?"

"चिमणी वाकलीय," मी बोट ठेवून दाखवलं. "बघा की."

तात्यांनी बघितलं. पुढं मी लेन्सबद्दल जे सांगणार होतो ते ऐकायला तात्या बाकड्यावर नव्हतेच. ते अहवाल घेऊन रस्त्यावर पोचले होते.

दोन दिवसांत तालुकाभर झालं: कारखान्याची चिमणी वाकली. सिमेंटात राख होती म्हणे. कुणी म्हणालं पाया खचला, कुणी म्हणालं बॉयलर पेटवला की कोसळणार. सभासद ट्रॅक्टरमध्ये बसून चिमणी बघायला यायला लागले. लांबून एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून बघायचे. खरी गंमत अशी की निम्म्या लोकांना ती खरंच वाकडी दिसायला लागली. "डावीकडं झुकलीय," एक म्हणायचा. "छट्, उजवीकडं," दुसरा. एक म्हातारा दिवसभर तिच्या सावलीवर नजर ठेवून बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "दुपारपरीस आता लई कलली."

शंकर माझ्याकडं आला. पहिल्यांदाच हसत नव्हता. "अण्णा, आबा लई तापलेत. म्हणत्यात, तू माझी चिमणी पाडलीस. सभेत तुमाला बी बोलवणार हायत."

"मी तुला सांगितलं होतं," मी म्हणालो. हे चार शब्द उच्चारताना मला जे सुख झालं ते शब्दांत सांगता येत नाही.

सभा कारखान्याच्याच मैदानात होती. मांडव, लाउडस्पीकर, आणि मांडवाच्या मागं आभाळात चिमणी. विषयपत्रिका वाचायला सुरुवात होताच तात्या अहवाल उंच धरून उभे राहिले. "आबा, बाकीचं मागून. आदी सांगा, ही चिमणी का वाकली? ह्या फोटोवाल्यांनीच आमाला दाखवलंय!"

आबांनी मला व्यासपीठावर बोलावलं. मी हा क्षण किती वेळा मनात रंगवला होता! मी माइक हातात घेतला. लेन्स म्हणजे काय, भिंगं किती, उजेड कडेला कसा वळतो, स्थिर नजरेची लेन्स आणि सरकत्या नजरेची लेन्स यांत फरक काय, सगळं सांगितलं. माझ्या फोटोतली सरळ चिमणी सगळ्यांना दाखवली. आवाज चढवला, उतरवला. शेवटी थांबलो. टाळ्यांची वाट बघितली.

मग मधूनच एकजण म्हणाला, "म्हंजी चिमणी सरळ हाय का वाकडी?"

"चिमणी सरळ आहे. ह्यांची लेन्स वाकडं दाखवते."

"आन् तुमची सरळ दाखवती."

"होय."

"मग वाकडी चिमणी तुमच्या भिंगातनं सरळ दिसत असंल!" तात्या ओरडले. मांडव हसला. मी घसा खाकरला, पण लाउडस्पीकरनं फक्त खाकरणंच सगळीकडं पोचवलं.

तेव्हा शंकर उठला. तो व्यासपीठावर आलाच नाही. गळ्यातला कॅमेरा काढला आणि सरळ तात्यांच्या हातात दिला. "तात्या, तुमीच बघा की. चिमणी कडंला घ्या. आता मधी घ्या. आता ही नळी सरकवा."

तात्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. कडेला घेतली. "वाकली!" मधे घेतली. "सरळ झाली!" पुन्हा कडेला. "वाकली!" मग त्यांनी नळी सरकवली, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "आयला! आली की जवळ! धुरांडं पार नाकाशी आलं!"

"बघू," शेजारचा म्हणाला.

"थांब की, मला बघू दे! गेली... आली... गेली..."

मग काय विचारता. अर्धा मांडव उठला. शंकरमागं रांग लागली. शेतकरी, ट्रॅक्टरवाले, गळ्यात उपरणं घातलेले पुढारी, सगळे चिमणीला जवळ बोलावत होते आणि परत पाठवत होते. मी माझा कॅमेरा पुढं केला, एकशे पस्तीसची लावून. एका म्हाताऱ्यानं उपकार केल्यासारखा डोळा लावला, नळी चाचपली आणि म्हणाला, "ह्यात काय हालत न्हाय व्हय?"

"नाही बाबा. पण चिमणी बघा किती सरळ दिसते."

"सरळ तर डोळ्यानं बी दिसती की," म्हणाला आणि शंकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

इकडं आबा काही कच्चे नव्हते. त्यांनी सेक्रेटरीच्या हातून कागद घेतला आणि माइकवर एकामागून एक विषय वाचायला सुरुवात केली. मागचा हिशेब. "मंजूर!" रांगेतून आवाज. नवीन गोदाम. "मंजूर! सरक की पुढं!" संचालक मंडळाच्या आभाराचा ठराव. "मंजूर, मंजूर!" हे तात्यांनी म्हटलं, त्यांचा दुसऱ्यांदा नंबर लागला होता आणि डोळा कॅमेऱ्याला होता. विरोधी पॅनेल चिमणीशी खेळत असताना आबांनी अख्खी सभा उरकली.

शेवटच्या विषयानंतर त्यांनी शंकरला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली. "काम तुझं. ह्या नळीनं आज माझी सभा तारली."

सांगा, यात लेन्सचा दर्जा कुठं आला? मी भिंत काढली, पेपर वाचले, घाम मोजला. आणि निकाल काय, तर ती सरकते!

किराणा दुकानात मात्र मला बसावं लागलं नाही. शंकर कारखान्यात अडकला, त्यामुळं गावातली जी थोडीफार लग्नं होती ती माझ्याकडं आली. म्हणजे जगलो तेही त्याच्यामुळंच. मंदानं ही गोष्ट मला त्या वर्षात रोज सांगितली.

गळीत हंगाम जवळ आला. पहिली मोळी गव्हाणीत टाकायची, म्हणजे उसाची पहिली पेंढी गिरणीकडं जाणाऱ्या पट्ट्यावर टाकून हंगाम सुरू करायचा, हा आमच्याकडं मोठा सोहळा. निमंत्रणपत्रिकेवर आबांना चिमणीचाच फोटो हवा होता, सरळ, अगदी खांबासारखा, म्हणजे तात्यांचं तोंड कायमचं बंद. शंकर रस्ता ओलांडून माझ्याकडं आला.

"अण्णा, हा तुमीच काढा. माझ्याच्यानं असा यायचा न्हाय. तुमचा त्या दिवशीचा फोटू म्या इसरलो न्हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या पन्नासला न्याय मिळायची ही एकच संधी होती. बॉयलर पेटवून बघायचे होते त्या सकाळी मी कारखान्यापासून लांब, पेरणीच न झालेल्या एका वावरात तिकाटणं लावलं. जवळ गेलं की कॅमेरा वर करावा लागतो आणि चिमणी मागं पडल्यासारखी दिसते. म्हणून लांब जायचं, कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा समतल ठेवायचा आणि चिमणी बरोब्बर मधे. लेन्सचं तोंड मिटून घेतलं आणि वाट बघत बसलो. धूर निघाला तो आधी काळा, गिचमिड. मग पांढरा, सरळ वर, वारा थांबला होता म्हणून न मोडता. तेव्हा बटण दाबलं. मंदाला या फोटोवर कुंचला लावायला एकसुद्धा ठिपका सापडला नाही. तिनं तो बराच वेळ हातात धरला. "हा तुमचा हाय," एवढंच म्हणाली. लग्नानंतर माझ्या कामाबद्दल तिनं काढलेले हे सगळ्यात चांगले उद्गार.

पत्रिका छापून आली. फोटोखाली लिहिलं होतं: छायाचित्र, आणि पुढं शंकरचं नाव. छापखान्याकडं कारखान्याचा फोटोग्राफर म्हणून त्याचंच नाव गेलेलं होतं. कुणी विचारलंच नाही. घरोघरी पत्रिका गेल्या. माझ्या दुकानात येऊन लोक म्हणायला लागले, "बघा, ह्याला म्हणत्यात झूम! किती सरळ काढतंय!" मी फोटो काढायला शिकल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्याच फोटोचा हेवा वाटला.

मोळीच्या दिवशी मीही गेलो. पहिली मोळी पडली, सगळ्या संचालकांनी तिला हात लावला, शंकरनं नळी सरकवून सगळे हात घेतले. मग भाषणं. आबा पत्रिका उंच धरून म्हणाले की ह्या एका फोटोनं आपल्या कारखान्याची मान ताठ केली, आणि त्यांनी शंकरला शाल-नारळ घेण्यासाठी वर बोलावलं.

शंकर वर गेला. आणि त्यानं काय करावं? माइकसमोर हात जोडून म्हणाला, "आबा, हा फोटू माझा न्हाय ओ. तो अण्णांनी काढलाय."

मी उठायच्या बेतात होतो.

आबांनी त्याला मिठी मारली. लाउडस्पीकरवर त्यांचा गहिवरलेला आवाज घुमला, "बघा! बघा माणूस कसा असावा! एवढं काम करून श्रेय दुसऱ्याला देतोय!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यासुद्धा उभं राहून टाळ्या वाजवत होते. शंकर हात हलवून न्हाय न्हाय म्हणत होता, तसतशा टाळ्या वाढत होत्या.

आणि मग आबांच्या लक्षात आलं, की कारखान्याचा फोटोग्राफर व्यासपीठावर आहे, तेव्हा हा फोटो काढणार कोण? त्यांनी मला हुडकून बोट केलं. "ओ फोटोवाले, या की! एक काढा!"

मी पुढं गेलो. पन्नास लावलेली होती. दोन पावलं पुढं, एक मागं. शाल पांघरलेला शंकर, डोळ्यात पाणी, माझ्याकडं बघून मान हलवत होता, जणू म्हणत होता, अण्णा, माझं ऐकत न्हाईत ओ. मी अंतर नीट जुळवलं, श्वास धरला आणि काढला. फोटो अप्रतिम आला. त्याच्या पापणीवरचा थेंब वेगळा दिसतो.

तो मोठा करून शंकरनं आपल्या दुकानात दर्शनी लावला, आणि त्याखाली माझं नाव लिहिलंच पाहिजे म्हणून हटून बसला. ठळक अक्षरांत, पेंटरकडून लिहून घेतलं. अजून तिथं आहे. गिऱ्हाईकं आत येतात, त्या फोटोसमोर थांबतात आणि म्हणतात, "काय गुणाचा माणूस हाय बघा! तोंडावरच दिसतंय."